रिकाम्या सराईतली माणसं

आमच्या मोठ्या जाऊबाईंनी लग्नाचे फोटो काढणं सोडलं ते भर लग्नात. मी तेव्हा त्यांच्याशेजारी फोटोचा दिवा धरून उभी होते. नवरीचा मामा पुढे आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा. खरे फोटोग्राफर कुठे आहेत? त्यांना बोलवा."

खरे फोटोग्राफर म्हणजे आमचे मोठे भाऊजी. ते मागच्या खुर्चीत कंबर धरून बसले होते. पाठीचं दुखणं जडल्यापासून ते लग्नात यायचे, ओळखी काढायचे, जेवायचे. फोटो जाऊबाई काढायच्या. जाऊबाईंनी मामाकडे एकदा पाहिलं. नवरीचा फोटो आधी नीट पुरा केला, कारण त्या पोरीचा काही दोष नव्हता. मग लेन्सला झाकण लावलं आणि म्हणाल्या, "संपलं."

मला वाटलं, बॅटरी संपली. मी पिशवीत दुसरी शोधायला लागले.

घरी येऊन बैठक बसली. भाऊजी, त्यांचा मुलगा, आमचे हे, सगळेच तोंड पाडून. भाऊजींनी विचारलं, "लग्नं नाही काढायची, तर मग काय काढायचं?"

"घरं."

"कोणाची?"

"जुनी. ज्यांचा मामा येऊन मला बाजूला हो म्हणणार नाही, अशी."

मुलगा म्हणाला, "आई, जुन्या भिंतींना कोण विचारतं?"

"नको विचारू दे. भिंती निदान मला जरा गोरं करा म्हणत नाहीत."

ही गंमत नव्हती. त्यांनी खरंच कंबर कसली होती. स्टुडिओ त्यांनी बंद केला नाही. अर्जाला लावायचे फोटो काढत राहिल्या. त्या स्टुडिओत अजूनही एक रंगवलेला पडदा आहे, त्यावर पांढरा कठडा, मागे तळं आणि तळ्यात दोन हंस. आरशाशेजारी कंगवा सुतळीने बांधलेला, कोणी खिशात घालून नेऊ नये म्हणून. बाहेरच्या पाटीवर भाऊजींचं नाव, प्रत्येक फोटोच्या पाठीवर भाऊजींचा शिक्का. जाऊबाई लग्न होऊन आल्या आणि महिन्याभरात काळोख्या खोलीत फोटो धुवायला शिकल्या. पुढे काढायलाही शिकल्या. शिक्का मात्र तोच राहिला.

सुट्टीच्या दिवशी त्या जुनी व्हॅन काढायच्या आणि खेड्यापाड्यांच्या दिशेने सुटायच्या. एकेकाळी बाजारपेठ म्हणून नावाजलेली आणि आता रस्ता दुसरीकडून गेल्यामुळे पेंगत पडलेली गावं त्यांना आवडत. लग्नाहून परतताना त्या अशा गावांत गाडी थांबवायला लावत आणि भाऊजी करवादत. आता करवादणारं कोणी नव्हतं. आमचे हे मला म्हणाले, "वहिनींना एकटं जाऊ देऊ नकोस." जाऊबाई म्हणाल्या, "सोबतबिबत मला नको. स्टँड उचलायला येणार असलीस तर ये, धाकटे." माझी टेलिफोन ऑफिसातली नोकरी संपली होती, घरात बसून जीव विटला होता. मी स्टँड उचलायला गेले आणि मग जातच राहिले.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. एखाद्या कमानीसमोर स्टँड लावला की त्या आधी कॅमेऱ्यात बघायच्याच नाहीत. रस्त्याच्या कडेला बसायच्या, चहा मागवायच्या आणि ऊन भिंतीवरून कसं सरकतंय ते बघत राहायच्या. दगडावर आडवं ऊन आलं की छिन्नीचे घाव दिसायला लागतात, एरवी भिंत सपाट दिसते, हे मला त्यांनीच दाखवलं. खांब फोटोत जरासा कलला तरी त्यांना खपायचं नाही. "तो बिचारा इतकी वर्षं सरळ उभा आहे," त्या म्हणायच्या, "आणि आपण एका क्षणात त्याला पाडायचं?"

गावातली माणसं जमायची. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, "पाडायला आलात की पैसे द्यायला?" जाऊबाई सांगायच्या, "दोन्हींतलं काही नाही. बघायला आलोय." यावर कोणाचाच विश्वास बसत नसे. पण फोटो काढल्यावर त्या दुसऱ्या फेरीत त्याची प्रत घेऊन यायच्या, घरमालकाच्या हातात द्यायच्या, आणि मग मात्र चहाचे पैसे कोणी घेत नसे.

वर्षभराने आमच्या गावच्या वाचनालयात त्यांनी फोटोंचं प्रदर्शन लावलं. बघायला आलेल्यांत एक साहेब होते. शेजारच्या जुन्या गावच्या नगरपालिकेचे मुख्य अधिकारी. तरुण, इस्त्रीचे कपडे, बोलणं लोण्यासारखं. म्हणाले, "बाई, आमच्या गावात वेशी आहेत, कमानींची पेठ आहे, आणि सराई तर बघाच. आमच्या सगळ्या वास्तू तुम्ही टिपाव्यात अशी माझी इच्छा आहे. कामाचा मोबदला मिळेल आणि फोटोखाली तुमचं नाव येईल."

तुमचं नाव, हे दोन शब्द जाऊबाईंना कसे लागले ते मी शेजारून पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली, पण परतताना व्हॅनमध्ये गाणं गुणगुणत होत्या. त्यांचा आवाज बेसूर आहे. तरी मी ऐकत बसले.

ती सराई खरोखरच बघण्यासारखी होती. जुन्या काळी व्यापारी आपली जनावरं घेऊन मुक्काम करत, ती जागा. मधोमध फरसबंद चौक, चौकात विहीर, चहूबाजूंनी दोन मजली खोल्या आणि प्रत्येक खोलीसमोर कमान. व्यापारी कधीच गेले होते. आता त्या खोल्यांत कुटुंबं राहत होती, काहींच्या तर तीन-तीन पिढ्या तिथेच झालेल्या. कमानीखाली शिलाई यंत्र, जिन्यात सायकली, वरच्या कठड्यावर वाळत टाकलेल्या चादरी.

साहेब म्हणाले, "फोटो पहाटे उजाडताच काढा. माणसं उठायच्या आत. वास्तू मोकळी असली की तिची भव्यता दिसते. कपडे, सायकली आम्ही हलवून ठेवू."

जाऊबाई फोटोसाठी कधी एक बादलीसुद्धा हलवत नसत. पण हे दुसऱ्याचं काम होतं, आणि पहाटेचा उजेड त्या चौकात असा काही उतरला की त्या सगळं विसरल्या. फोटो अप्रतिम झाले. ओल्या फरशीत कमानी उलट्या दिसत होत्या. एक माणूस नाही, एक चिंधी नाही.

दोन-तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या गावात गेलो. रिवाजाप्रमाणे प्रती वाटायच्या होत्या. सराईच्या दरवाजावर एक भलामोठा फलक लागला होता, आणि त्यावर जाऊबाईंचा तो चौकाचा फोटो. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "ओसाड सराईला नवं रूप! लवकरच येत आहे: हेरिटेज हॉटेल." खाली कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरांत, जाऊबाईंचं नाव.

आम्ही दोघी बघतच राहिलो. आतून एक बाई बाहेर आली. खालच्या कोपऱ्यातल्या खोलीत शिवणकाम करणारी, गळ्यात मापाची फीत. तिने जाऊबाईंना ओळखलं.

"फोटो तुम्हीच काढलेला ना?"

"हो."

"झकास आला आहे," शिवणवाली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "आमच्या घराचा एवढा सुंदर फोटो आम्ही कधी बघितला नव्हता. फक्त त्यात आम्ही नाही. आता साहेब वर कळवतात, इमारत रिकामीच आहे, बघा फोटो. आणि आम्हाला म्हणतात, तुम्ही घुसखोर, महिन्याभरात निघा. राजधानीतून समिती यायची आहे, तिने शिक्का मारला की झालं."

जाऊबाईंच्या हातात प्रतींचं पाकीट होतं. ते त्यांनी माझ्याकडे दिलं आणि तडक नगरपालिकेत गेल्या. मी मागून जवळजवळ धावत.

साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. जाऊबाई बसल्या नाहीत.

"त्या फलकावर ओसाड कोणी लिहिलं?"

"ती भाषा जाहिरातवाल्यांची. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"त्या इमारतीत माणसं राहतात. तुमच्याच लोकांनी त्यांचे कपडे काढून ठेवले होते."

"बाई, मोबदला तुम्ही घेतला आहे. फोटो आता आमचा आहे. आम्ही तो कुठे वापरावा हे तुम्ही कसं ठरवणार?" मग त्यांनी आवाज आणखी मऊ केला. "पुढच्या वर्षी जिल्ह्यातल्या सगळ्या जुन्या वास्तूंचं पुस्तक काढायचं आहे. ते काम मी तुमच्यासाठी राखून ठेवलंय. जाडजूड पुस्तक. मुखपृष्ठावर तुमचं नाव."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. हे त्यांचं स्वप्न होतं, मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी समोरचा पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "माझ्या नावाने तुम्ही माणसं पुसलीत. मी ती परत काढणार."

"परवानगीशिवाय सराईत कॅमेरा नेता येणार नाही," साहेब म्हणाले. आता आवाजातलं लोणी संपलं होतं. "पहारेकऱ्याला आजच सांगतो."

"सांगा की."

घरी बातमी आमच्या आधी पोचली होती. साहेबांनी भाऊजींनाच फोन लावला होता. बायकोची तक्रार नवऱ्याकडे करायची, एवढं ते नक्की शिकले होते. भाऊजी भडकले होते. "त्या गावचं लफडं आपल्या घरात कशाला? त्यांचं भांडण ते बघतील. चांगलं मिळणारं काम लाथाडलंस!"

"काम माझं होतं. लाथ पण माझीच."

"तुला कोणी विचारलं नाही, सांगितलं नाही..."

"फोटोखाली नाव माझं आहे," जाऊबाई म्हणाल्या. "आयुष्यभर सगळ्यांच्या पाठीवर तुमचा शिक्का मारला. पहिल्यांदा कुठे माझं नाव लागलं, तर ते या असल्या खोटेपणाखाली. ते मी तसंच राहू द्यायचं?"

भाऊजी उठले. ते आत गेले आणि दार लोटून घेतलं.

पुढच्या सुट्टीला आम्ही सकाळी, चांगली उन्हं वर आल्यावर, सराईसमोर व्हॅन उभी केली. पहारेकरी दरवाजात आडवा उभा. मिशीवाला, वयाने आमच्याएवढाच, आणि बिचारा आधीच घामेजलेला.

"कॅमेरा आत नेता येणार नाही, बाई."

"नाहीच नेणार. शिवणवालीला जरा बाहेर बोलवा."

सगळं आधीच ठरलं होतं. सराईच्या रस्त्याकडच्या भिंतीला वर-खाली खिडक्यांची रांग होती, आणि समोर दोरखंडाचं दुकान. दुकानदाराने त्याची माडी मोकळी करून दिली होती. शिवणवालीने आत वर्दी दिली आणि एकेक खिडकी उघडायला लागली. वर्षानुवर्षं न उघडलेल्या खिडक्या कुरकुरत, दणके खात उघडल्या. प्रत्येकीत माणसं येऊन उभी राहिली. वरच्या मजल्यावर निवृत्त बसड्रायव्हर, त्याने जुना गणवेश चढवला होता आणि तो पोटावर बसत नव्हता. शेजारच्या खिडकीत त्याची बायको आणि सुना. खाली न्हावी हातात वस्तरा घेऊन. एका म्हातारीला दोघांनी उचलून खुर्चीसकट खिडकीशी आणलं होतं. शिवणवालीने यंत्र दरवाजाबाहेर पायरीवर मांडलं आणि ती खरंच शिवायला बसली, कारण कोणाचातरी सदरा संध्याकाळी द्यायचा होता.

पहारेकरी रस्ता ओलांडून माडीखाली आला. "बाई, हे बंद करा. साहेबांचा हुकूम आहे."

जाऊबाई वरून वाकून म्हणाल्या, "कॅमेरा आत आहे का?"

"नाही."

"माडी नगरपालिकेची आहे का?"

"नाही."

"लोकांनी आपल्या खिडकीत उभं राहायला बंदी आहे का?"

त्याने डोकं खाजवलं. "तसं काही बोलले नाहीत."

"मग एक सांगा, दादा. सराई ओसाड आहे म्हणतात. ओसाड इमारतीवर पहारा कशाला लागतो? तुम्ही कोणाला राखताय?"

खिडक्यांतून हशा पिकला. पहारेकरीही हसला, मग घाईघाईने गंभीर झाला. जाऊबाई म्हणाल्या, "जा, आपल्या जागेवर जाऊन उभे राहा. तुम्ही पण त्या इमारतीतलेच आहात." तो गेला, दरवाजाशी उभा राहिला, आणि त्याने टोपी सरळ केली.

त्या दिवशी त्यांनी घाई केली नाही. ऊन भिंतीवर आडवं होईपर्यंत सगळी माणसं खिडक्यांत थांबली. कोणी कुरकुर केली नाही. फक्त ड्रायव्हर मधूनच ओरडायचा, "बाई, बटण तुटायच्या आत काढा!"

फोटो फलकाएवढा मोठा करायचा होता. एवढा कागद आमच्या छपाई यंत्रात बसेना, म्हणून जाऊबाईंनी तो तुकड्यातुकड्यांनी छापला. स्टुडिओची फरशी भरून गेली. हंसांचा पडदा गुंडाळून ठेवावा लागला. भाऊजी दोन दिवस स्टुडिओकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात येऊन उभे राहिले, खाली पसरलेल्या खिडक्या बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कड कापताना तुझा हात वाकडा जातो. पट्टी इकडे आण." पाठ दुखत होती तरी ते जमिनीवर पालथे झोपून प्रत्येक तुकड्याची कड कापत बसले. शिक्क्याचा विषय कोणी काढला नाही. फोटोच्या खाली जाऊबाईंनी स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं, रस्त्यापलीकडून वाचता येईल इतकं मोठं.

समिती यायच्या दिवशी लोकांनी तो फोटो साहेबांच्या फलकाखाली लावला. पालिकेच्या माणसांनी तासाभरात फाडला. जाऊबाईंनी दुसरा आणला होता. तो समोरच्या दोरखंडाच्या दुकानावर चढला. दुकान खाजगी, तिथे पालिकेला हात लावता येईना. लहान प्रती पेठेतल्या दुकानांत आधीच पोचल्या होत्या. चपलांच्या दुकानात, चक्कीत, औषधवाल्याकडे, सगळीकडे त्या खिडक्या.

समितीतल्या एक वयस्क बाई गाडीतून उतरल्या. त्यांनी फलक पाहिला, मग मान वळवून समोरचा फोटो पाहिला, मग पुन्हा फलक. साहेब त्यांना काहीतरी समजावत होते. त्या ऐकता ऐकता चालायला लागल्या आणि सराईच्या आत गेल्या. साहेबांनी त्यांच्यासाठी चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. त्या खुर्च्या सोडून त्या शिवणवालीच्या खोलीत जाऊन बसल्या. आत काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. जाऊबाईंना आत सोडलं नाही. आम्ही रस्त्यावर उभ्या होतो, ऊन डोक्यावर, आणि जाऊबाईंच्या पायाला गोळा आलेला.

शेवट गोड झाला असं मी म्हणणार नाही. हॉटेल झालंच. पण ते सराईच्या मागच्या बाजूला, जिथे छत पडून खरोखरच कोणी राहत नव्हतं, तेवढ्यात झालं. पुढच्या खोल्यांतली कुटुंबं राहिली आणि आता पालिकेला रीतसर भाडं भरतात. न्हावी मात्र आधीच घाबरून गाव सोडून गेला होता, तो परत आला नाही. खुर्चीतली म्हातारी त्याच वर्षी गेली, स्वतःच्या खोलीत. जुना फलक उतरला. त्याच्या जागी आला तो फक्त हॉटेलचा, त्यावर कसलाच फोटो नाही.

साहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर. जाण्याआधी त्यांनी हुकूम काढला, की जाऊबाईंना पालिकेच्या कुठल्याही वास्तूत कॅमेरा घेऊन प्रवेश नाही. तो हुकूम अजून लागू आहे. जिल्ह्याचं जाडजूड पुस्तक दुसऱ्याने केलं. जाऊबाईंनी ते वाचनालयात बसून पानन् पान पाहिलं. एकाही फोटोत माणूस नाही. त्या पुस्तक मिटून म्हणाल्या, "खांब मात्र सरळ काढलेत हो." आणि घरी येऊन दिवसभर काळोख्या खोलीत बसून राहिल्या. त्यांना लागलं नाही असं कोणी समजू नये.

भाऊजींनी दुकानाची पाटी रंगवायला काढली तेव्हा रंगाऱ्याला स्वतःच्या नावाशेजारी बोट ठेवून दाखवलं, "इथे जागा सोड, अजून एक नाव आहे." जाऊबाई म्हणाल्या, "शेजारी का? वर का नाही?" त्यावरून दोघांचं आठवडाभर वाजलं. शेवटी दोन्ही नावं एका ओळीत आली, आणि अक्षरं एकाच मापाची आहेत ना, हे त्यांनी पट्टी लावून बघितलं.

आम्ही अजून जातो. व्हॅनचं दार आता बाहेरून उघडतच नाही, आतून ढकलावं लागतं. जाऊबाई रस्त्यावरून फोटो काढतात, गच्चीवरून काढतात, परवानगी कोणाला मागत नाहीत. परवा एका गावात जुन्या जकात नाक्यासमोर स्टँड लावला, तर तिथला शिपाई शिट्टी फुंकत धावत आला. मी मुकाट्याने स्टँड आवरायला लागले. जाऊबाईंनी माझा हात धरला.

"राहू दे, धाकटे," त्या म्हणाल्या, आणि शिपायाकडे वळल्या. "वाजवा हो, अजून जोरात वाजवा. लोक खिडकीत येतात का बघू."

त्याने वाजवली. वरच्या खिडकीत एक पोरगी आली, तिच्यामागे तिची आजी. जाऊबाई तोवर कॅमेऱ्याला डोळा लावून तयार होत्या.